हळदीची ६४० पोती

पहाटे ४.३०

इथे अजून उजाडायचं आहे आणि सांगलीत दुपारचे दोन वाजलेत. त्रिनिदाद भारताच्या साडेनऊ तास मागे. भारतातून माल मागवणाऱ्याचा दिवस म्हणूनच असा अंधारात सुरू होतो. सांगलीच्या हळद गिरणीचं ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होतं. त्यांचे सहा म्हणजे माझे सकाळचे साडेआठ. या चार तासांत जे बोलायचं ते बोलून घ्यायचं. ते राहिलं की उत्तर थेट दुसऱ्या दिवशी.

आज काम एकच आहे, पण तेच डोक्यावर बसलंय. आमचा वीस फुटी कंटेनर चार दिवसांपूर्वी पोर्ट ऑफ स्पेनला उतरला. इन्व्हॉइसवर हळदीची ६४० पोती आहेत आणि पॅकिंग लिस्टवर ६०४.

"दादा, पोरानं टाईप करताना आकडे उलटे मारलेत बघा," गिरणीचे मालक पलीकडून म्हणतात. आवाजात खरोखरचा ओशाळेपणा आहे. त्यांच्या दृष्टीने ही टायपिंगची चूक. पण एका पोत्यात २५ किलो धरले, तर इथल्या कस्टम्सच्या दृष्टीने ही ९०० किलोंची तफावत आहे. ते ९०० किलो आहेत की नाहीत, असले तर त्यावरचं शुल्क चुकवायचा बेत होता का, हे प्रश्न अधिकाऱ्याने विचारायचे असतात, आणि तो ते विचारणारच. मी सुधारलेली लिस्ट सही-शिक्क्यानिशी मागतो. सोबत चूक कशी झाली ते सांगणारं, कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्रही मागतो. "तासाभरात पाठवतो," असं म्हणून ते फोन ठेवतात. मग मी चहा टाकतो.

पहाटे ५.१५

आमचं गाव शगवानास, बेटाच्या मध्यावर. तिथून पोर्ट ऑफ स्पेन वीस किलोमीटरसुद्धा नाही, पण सहानंतर निघालं तर त्याच रस्त्याला दीड तास लागतो. आख्खा मध्य आणि दक्षिण भाग याच हमरस्त्याने राजधानीत कामाला जातो. त्रिनिदाद आणि टोबॅगो मिळून देश केवढा? ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढा. लोकसंख्या सुमारे १४ लाख. सगळ्यांच्या गाड्या पहाटे इथेच भेटतात.

हमरस्त्याला लागण्याआधी डबल्सच्या गाडीपाशी थांबतो. कागदावर दोन मऊ, पिवळसर, तळलेले 'बारा', त्यावर चमचाभर 'चन्ना', वरून चिंचेची चटणी, काकडी, 'शाडो बेनी' नावाची रानकोथिंबीर आणि मिरचीचं पाणी. आपल्या वड्याचं भोजपुरी 'बरा' झालेलं आणि तिथून इथलं 'बारा'. साहेब असो की हमाल, सकाळी सगळे याच गाडीपाशी उभे राहून खातात.

या कागदावर बेटाचा सगळा परदेशी व्यापार मांडलेला असतो. इथे गहू पिकत नाही. तो जहाजाने येतो आणि बंदराशेजारच्या गिरणीत दळला जातो. हरभरा बाहेरचा. दालपुरीत भरायची वाटाण्याची पिवळी डाळ कॅनडातून येते. बारा पिवळा होतो तो भारतातून आलेल्या हळदीने. इथल्या मातीतलं म्हणाल तर काकडी, शाडो बेनी, चिंच आणि मिरची. हा देशाचा सगळ्यात लाडका पदार्थ, आणि त्याचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या कंटेनरमधून उतरलेला आहे. जहाज आठवडाभर उशिरा आलं तर मुंबईत एखाद्या कारखान्याचं काम अडतं. बेटावर माणसाची न्याहारी अडते. इथे आल्यावर पहिल्या वर्षात मी शिकलो ते हेच, आणि अजून ते दररोज नव्याने कळतं.

सकाळी ७.००

ऑफिसात पोचलो. सांगलीची सुधारलेली लिस्ट येऊन पडली आहे. ती उघडून मी सगळे आकडे मोठ्याने वाचतो. ६४० पोती, १६,००० किलो निव्वळ. इन्व्हॉइसशी जुळतं, जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगशी जुळतं.

हा कंटेनर न्हावा शेवाहून निघाला त्याला पन्नासवर दिवस झाले. तिथून त्रिनिदादला थेट जहाज नाही. वाटेतल्या एखाद्या मोठ्या बंदरात, जमैकातल्या किंग्स्टनसारख्या ठिकाणी, तो उतरतो आणि लहान जहाजाची वाट बघत पडून राहतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. येमेनच्या किनाऱ्यावर गोळी सुटली की शगवानासच्या वाण्याकडे मसाला उशिरा पोचतो. भाडं चढतं, आणि ते शेवटी किलोमागे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं.

सकाळी ८.००

सरकारी कचेऱ्या उघडल्या. आमचा कस्टम्स ब्रोकर संगणकापुढे बसलाय. इथली कस्टम्सची घोषणापत्रं 'असिकुडा वर्ल्ड' या प्रणालीतून भरली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संघटनेने ती बनवली आणि जगभरातल्या कितीतरी लहान देशांना दिली. ब्रोकर परवानाधारक असतो. चुकीची नोंद त्याच्या परवान्यावर येते, म्हणून तो माझ्यापेक्षाही कडक.

"बॉस, वर्णनात काय लिहू? सॅफ्रन?" तो विचारतो.

हा प्रश्न त्याला पडतो, कारण त्रिनिदादमध्ये हळदीला बोलताना 'सॅफ्रन' म्हणायची पद्धत आहे. जुन्या भारतीय घरांत 'हरदी'. पण कागदावर सॅफ्रन म्हणजे केशर. शुल्क वर्गवारीत केशराचा कोड ०९१०.२० आणि हळदीचा ०९१०.३०. एका अंकाने १६ टन हळद १६ टन केशर होईल, आणि त्यावरचा हिशोब बघून आमच्या कंपनीच्या मालकिणीला चक्कर येईल. मी त्याला इंग्रजी नाव आणि कोड दोन्ही कागदावर लिहून देतो. बाजारात माणसं काहीही म्हणोत, कागदावर मालाला त्याच्या खऱ्याच नावाने हाक मारायची.

कॅरिबियन समुदायाचं, म्हणजे कॅरिकॉमचं, बाहेरच्या मालासाठी सामाईक शुल्कपत्रक आहे. भारताचा माल 'बाहेरचा' असल्याने त्याला ते लागतं. त्यावर, काही मूलभूत अन्नपदार्थ सोडले, तर साडेबारा टक्के व्हॅट. आकडे भरले, कागद जोडले आणि सुधारणेचं पत्रही वर चढवलं. कंटेनर तपासणीला लागला: साडेअकरा.

सकाळी १०.००

आता बँक. सांगलीला बाकीचे पैसे याच आठवड्यात पाठवायचे आहेत. ते द्यावे लागतात अमेरिकन डॉलरमध्ये, आणि तो डॉलर मागितला तेवढा मिळत नाही.

दरफलकावर एका अमेरिकन डॉलरला सुमारे पावणेसात त्रिनिदादी डॉलर दिसतात. १९९३ च्या एप्रिलमध्ये इथलं चलन बाजारावर सोडलं, तरी मध्यवर्ती बँकेचा हात त्यावर आहे, आणि कित्येक वर्षं दर जवळपास हललेला नाही. फलकावर दर स्थिर आहे, पण खिडकीत डॉलर नाही. आमच्या खात्यात त्रिनिदादी डॉलर पुरेसे आहेत. त्यांचे अमेरिकन करून घ्यायला मात्र अर्ज टाकायचा, रांगेत राहायचं आणि बँक देईल तेवढे घ्यायचे.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या देशात येणारं बहुतेक परकीय चलन जमिनीखालून आणि समुद्रतळातून येतं. तेल, नैसर्गिक वायू आणि त्या वायूपासून पॉइंट लिसासच्या कारखान्यांत होणारे अमोनिया आणि मिथेनॉल हे त्याचे झरे. पॉइंट फोर्टिनहून द्रवरूप वायूचं पहिलं जहाज १९९९ साली निघालं, आणि बेटाने त्यानंतर भरभराटीची वर्षं पाहिली. २०१० च्या सुमारास दिवसाला चार अब्ज घनफुटांहून जास्त वायू निघत होता. आता तो अडीच अब्जांच्या आसपास आला आहे. २०१८ साली पॉइंट-अ-पिएरचा सरकारी तेलशुद्धीकरण कारखानाही बंद झाला. समुद्रसीमेपलीकडे व्हेनेझुएलाचं ड्रॅगन वायुक्षेत्र आहे. तिथला वायू इकडे आणायच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आहेत, आणि त्यांची किल्ली वॉशिंग्टनच्या परवानगीत आहे. आवक अशी आटली, पण गहू, औषधं, गाड्यांचे सुटे भाग आणि आमची हळद काही थांबत नाही. म्हणून रांग लागते.

खिडकीतली बाई सौम्यपणे सांगते, "या आठवड्यात निम्मे देता येतील. उरलेले पुढच्या आठवड्यात बघू." मी वाद घालत नाही. तिच्या हातात जेवढं आहे तेवढं ती देते आहे. माझ्या मागे एक औषधविक्रेता उभा आहे. मला निम्मे मिळाले याचा अर्थ त्यालाही काहीतरी मिळेल. मी निम्म्याची पावती घेऊन निघतो.

सकाळी ११.३०

तपासणी केंद्र. ऊन डोक्यावर आणि पत्र्यावरून परतणारी झळ तोंडावर. कंटेनर ट्रेलरवरून उतरवून ठेवलाय. अधिकारी बोल्ट सीलचा नंबर कागदाशी ताडून बघतो आणि मान हलवतो. मोठ्या कात्रीने सील तुटतं. लोखंडी दांडा आडवा होतो आणि दार कुरकुरत उघडतं.

आधी वास येतो. पन्नास दिवस कोंडलेली हळद एकदम श्वास सोडते. मला हरिपूर आठवतं. सांगलीजवळचं ते गाव एके काळी जमिनीखालच्या पेवांसाठी प्रसिद्ध होतं. नदीकाठच्या मातीत खोल खणलेल्या पेवांत हळकुंडं वर्षानुवर्षं न किडता राहत. २००५ च्या महापुरात त्यातली बहुतेक गेली. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेलो होतो, तेव्हा उघडलेल्या पेवातून हाच वास आला होता. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदाची एक प्रत मी टेबलाच्या खणात ठेवली आहे.

पण आता आठवणीत रमायची वेळ नाही. मी छताकडे बघतो. समुद्रावर दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो, आणि आतल्या हवेतली वाफ छताला थेंब धरून मालावर टपकते. म्हणून आम्ही ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायला आणि वरच्या थरावर जाड कागद अंथरायला सांगतो. पिशव्या फुगून जड झाल्या आहेत, म्हणजे त्यांनी आपलं काम केलं. कागदावर पाण्याचे डाग आहेत, खालचं पोतं कोरडं आहे. मग लाकडी पॅलेटवरचा शिक्का. लाकडाला उष्णता देऊन त्यातली कीड मारल्याची ती आंतरराष्ट्रीय खूण. ती नसेल तर वनस्पती-संगरोध खातं पॅलेट आत येऊ देत नाही. खूण आहे, ठसठशीत आहे.

अन्न-औषध विभागाची तपासनीस नमुना घेते. ती शिशाच्या चाचणीचा अहवाल मागते, आणि ते योग्यच आहे. हळदीला रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळणारे लोक जगात आहेत आणि त्याचं विष मुलांच्या मेंदूत जातं. सांगलीहून प्रयोगशाळेचा अहवाल प्रत्येक खेपेला येतो. मी तो तिच्या हातात देतो.

शेवटी मोजणी. दोन हमाल, एक अधिकारी आणि मी. वीस पोत्यांची एक थप्पी. एक, दोन, तीन... दुपारी पाऊणला बत्तिसावी थप्पी लागते. ६४०. अधिकारी सुधारलेल्या लिस्टवर सही करतो आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणतो, "तुमच्या माणसाला सांगा, आधी मोजायचं, मग लिहायचं."

त्याच्या या वाक्यात राग नव्हता. त्याने त्याचं काम केलं. पण मोफत दिवस संपून गेल्यानंतरची बंदराचं साठवणभाडं आणि कंटेनर अडकून पडल्याचा दंड, म्हणजे डेमरेज, असं ओझं या दोन आकड्यांनी आमच्यावर टाकलं.

दुपारी १.१५

मालकीणबाईंना सगळे आंटी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी डब्यात दालपुरी, कारल्याची भाजी आणि भोपळा आणलाय. इथे कारल्याला 'करैली' म्हणतात आणि जिऱ्याला 'गीरा'. चौथ्या पिढीच्या या बाईला हिंदी बोलता येत नाही, पण स्वयंपाकघरातला शब्दन् शब्द भारतातला आहे.

१८४५ साली ३० मे रोजी 'फातेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसं घेऊन इथे पोचलं. त्या वेळी गुलामी संपली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १९१७ पर्यंत जवळजवळ दीड लाख माणसं अशा करारावर आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारची. आंटींचे पणजोबा त्यांतलेच. वडील साखरेच्या सरकारी कंपनीत कामाला होते, आणि २००३ साली ती कंपनी बंद झाली. आंटी म्हणतात, "आमचा पणजोबा कागदावर अंगठा देऊन आला. काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून मी एकही कागद न वाचता सही करत नाही."

मी त्यांना ६०४ ची गोष्ट सांगितली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. गिरणीच्या मालकांना यात किती खर्च आला ते कळवा आणि तो त्यांच्याकडून मागू नका, असं म्हणाल्या. त्यांना बाकीचे पैसे देण्यात आपणही उशीर करणार आहोत, तो ते सोसतील.

दुपारी २.३०

आता दुसरी दिशा. हळद आत येते, तर मिरची बाहेर जाते. आंटींच्या शेडमध्ये इथल्याच मिरचीचा सॉस बनतो. मिरची बेटाच्या दक्षिणेच्या शेतकऱ्यांची. काचेची बाटलीसुद्धा इथलीच, कारण काचेची भट्टी चालवायला वायू घरचा आहे. आज शंभर खोकी ग्रेनेडाला जायची आहेत.

हे काम अर्ध्या तासात होतं आणि त्यामागे एक करार आहे. १९७३ च्या ४ जुलैला पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला शागारामास इथे बार्बाडोस, गयाना, जमैका आणि त्रिनिदाद या चार देशांनी कॅरिकॉमच्या करारावर सह्या केल्या. आज त्याचे १५ सदस्य आहेत. आपला माल समुदायातल्या देशातच बनला आहे असं मूळ-प्रमाणपत्र जोडलं, की शेजारच्या बेटावर त्याला आयात शुल्क नाही. नियम मोडला तर दाद मागायला पोर्ट ऑफ स्पेनमध्येच कॅरिबियन न्यायालय आहे, २००५ पासून. गयानाने बाहेरच्या सिमेंटवरचं सामाईक शुल्क परस्पर उठवलं होतं. त्रिनिदादची सिमेंट कंपनी सरळ या न्यायालयात गेली आणि २००९ साली न्यायालयाने गयानाला ते शुल्क परत लावायला सांगितलं. एक खासगी कंपनी एका सार्वभौम देशाला न्यायालयात उभं करू शकते, याची किंमत लहान व्यापाऱ्याला कळते.

पैशाची वाट मात्र अजून लांबच आहे. ग्रेनेडाचं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० या दराने बांधलेलं. आमचं वेगळं. दोन बेटांमध्ये जहाजाने एका रात्रीचं अंतर, पण पैसा बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या बँकेच्या खात्यातून फिरून येतो. त्या बँकेने लहान बेटांशी व्यवहार नको म्हटलं, तर शेजाऱ्याला शेजाऱ्याचे पैसे पोचणं अवघड होतं.

लहान जहाजांच्या धक्क्यावर सेंट व्हिन्सेंटहून आलेल्या बायका सुरण, अळकुड्या आणि केळी उतरवत असतात. पिढ्यान् पिढ्या त्या स्वतः मालाबरोबर बोटीने येतात, विकतात आणि परतीच्या फेरीत इथला किराणा घेऊन जातात. त्यांच्याकडे असिकुडा नाही, पण वहीत पै-पैचा हिशोब आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या बेटावर ज्वालामुखीची राख पडली. २०२४ च्या १ जुलैला बेरिल वादळाने ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावरची घरं भुईसपाट केली आणि सेंट व्हिन्सेंटच्या युनियन बेटाचीही तीच गत झाली. त्रिनिदाद दक्षिणेला असल्याने बहुतेक वादळांच्या वाटेतून सुटतं. म्हणून अशा वेळी पहिला माल इथून जावा लागतो. तेव्हा याच धक्क्यावरून पाणी, पत्रे आणि पीठ गेलं. आमची काही खोकीही त्यात होती. त्याचं बिल आंटींनी केलं नाही.

सायंकाळी ५.३०

कंटेनर रिकामा होऊन परत गेला. पोती शगवानासच्या गोदामात आली. मेन रोडवरच्या दुकानात आता गर्दी आहे, कारण ऑगस्ट आहे आणि लोक दिवाळीचं विचारू लागलेत. इथे दिवाळी राष्ट्रीय सुट्टी असते. दिवाळीला जो माल लागतो त्याची मागणी आम्ही मे-जूनमध्येच नोंदवतो. दोन महिने समुद्रावर, पंधरवडा कागदांत आणि बाकीचे दिवस देवाच्या हवाली.

मातीच्या पणत्या मात्र आम्ही भारतातून मागवत नाही. मागवल्या तर स्वस्त पडतील. हिशोब मी करून पाहिला आहे. पण इथून पाच मिनिटांवर कुंभारांची चार-दोन घरं आहेत. इथलीच माती मळून, लाकडाच्या भट्टीत भाजून ते पणत्या करतात. त्यांचे पणजोबाही त्याच जहाजांनी आले होते आणि चाक फिरवायची कला सोबत घेऊन आले. एक कंटेनर स्वस्त पणत्या त्यांची भट्टी कायमची विझवू शकतो. काय आणायचं नाही हे ठरवणं हासुद्धा व्यापारच आहे. बेटावर तर तो अधिक जबाबदारीचा, कारण एकदा गेलेलं हातकाम दुसऱ्या जिल्ह्यातून येत नाही. इथे दुसरा जिल्हा नाही, समुद्र आहे.

एक म्हातारी येते, नव्या पोत्यातली हळद चिमटीत घेते, तळहातावर चोळते आणि वास घेते. "ही खरी हरदी," असं म्हणून पाव किलो घेते. नातीचं लग्न आहे, अंगाला लावायची आहे.

रात्री ८.३०

सांगलीत उद्याचे सकाळचे सहा वाजलेत. गिरणीचे मालक पहाटेच उठतात, हे मला माहीत आहे. मी फोन करून मोजणी जुळल्याचं सांगतो. वरचा थर कोरडा होता, शिशाचा अहवाल मागितला गेला, तेही सांगतो. मग अवघड ते बोलतो, की पैसे निम्मेच निघाले, उरलेले पुढच्या आठवड्यात.

"पाठवा की सवडीनं. तुमचा शब्द हाय तोवर मला काळजी न्हाई," ते म्हणतात. आणि थोडं थांबून, "आजपासनं पोती मी सोता मोजणार."

या एका बेटाने मला शिकवलं ते महाराष्ट्रातल्या लहान निर्यातदारांना मनापासून सांगावंसं वाटतं. सांगली, लासलगाव, नाशिक, रत्नागिरी, कुठेही तुम्ही असा. दुबईला किंवा अमेरिकेला माल पाठवताना तुम्ही जेवढी काळजी घेता, तेवढीच लहान बेटाच्या एका कंटेनरचीही घ्या. मोठ्या देशात तुमचा माल अडला तर दुसरा पुरवठादार उभा असतो. इथे पुढचा माल दोन महिन्यांनी येतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग हे तीन कागद शेजारी ठेवा आणि प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचा. मालाचं नाव आणि कोड त्या देशाच्या बोलीप्रमाणे लिहू नका, शुल्कपत्रकाप्रमाणे लिहा. पॅलेटवरचा शिक्का, ओल शोषणाऱ्या पिशव्या, प्रयोगशाळेचा अहवाल यांत चार पैसे वाचवू नका. समोरच्याचे डॉलर उशिरा आले तर त्याची नियत तपासण्याआधी त्याच्या देशाची परिस्थिती विचारा. आणि कंटेनरचं दार बंद करण्याआधी पोती पुन्हा एकदा मोजा.